देवमाशांची शिकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेतल्या प्रकल्पापासून जेवणाच्या टेबलावरच्या वादापर्यंत, या विषयावर तेच तेच प्रश्न फिरून येतात. सोपे आधी घेतले आहेत, वाकडे शेवटी. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माणूस देवमाशांची शिकार कधीपासून करतोय?

दक्षिण कोरियात उल्सानजवळ बांगुदे इथल्या खडकांवर काही हजार वर्षांपूर्वीची कोरीव चित्रं आहेत. त्यांत होडीतली माणसं आणि अंगात भाला घुसलेला देवमासा ओळखू येतो. आर्क्टिकच्या किनाऱ्यावरचे समुदायही फार पूर्वीपासून देवमाशांवर जगत आले आहेत.

व्यापार म्हणून शिकार उभी केली ती बास्क लोकांनी. अकराव्या शतकाच्या सुमाराला ते बिस्केच्या उपसागरात राइट व्हेल मारत होते. सोळाव्या शतकात ते अटलांटिक ओलांडून कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्यावर पोचले. तिथल्या रेड बे या ठिकाणी त्यांच्या चरबी वितळवण्याच्या भट्ट्यांचे अवशेष आजही आहेत. १६११-१२ पासून इंग्रज आणि डच आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गेन बेटाला बोहेड जातीचे देवमासे मारायला जाऊ लागले. डचांनी तर स्मीरेनबर्ग नावाची वसाहतच वसवली. काही दशकांत किनाऱ्यालगतचे बोहेड संपले आणि जहाजं दूर बर्फाच्या कडेपर्यंत जाऊ लागली. एक जागा रिकामी करायची आणि पुढच्या जागेकडे वळायचं, हा क्रम पुढे विसाव्या शतकापर्यंत मोडला नाही.

२. शिडाच्या जहाजातून एवढा मोठा प्राणी मारायचे तरी कसे?

जहाजातून मारतच नव्हते. डोलकाठीवरच्या टेहळ्याला फवारा दिसला की वल्ह्यांच्या छोट्या होड्या पाण्यात उतरत. दोर बांधलेला हार्पून, म्हणजे अडकून बसणाऱ्या टोकाचा भाला, हाताने फेकायचा. त्याने देवमासा मरत नसे, फक्त होडीला बांधला जाई. तो पळून पळून दमला की मग लांब भाल्याने फुप्फुसाचा वेध घ्यायचा. शव जहाजाच्या कडेला बांधून सोलायचं आणि डेकवरच्या विटांच्या भट्टीत चरबी वितळवून तेल पिंपांत भरायचं.

ज्यांचा वेग कमी आणि ज्यांचं शव चरबीमुळे तरंगतं, अशाच जाती यात सापडत: राइट, बोहेड, स्पर्म. निळा देवमासा आणि फिन व्हेल वेगाने निसटत, आणि मेलेच तर बुडत. ते तेव्हा वाचले ते एवढ्याचमुळे.

हार्पूनमध्ये मोठी सुधारणा केली ती न्यू बेडफर्ड या अमेरिकी शिकारी बंदरातल्या लुईस टेंपल या कृष्णवर्णीय लोहाराने. १८४८ मध्ये त्याने बनवलेलं टोक मांसात शिरल्यावर आडवं वळायचं, त्यामुळे ते निसटत नसे. त्याने पेटंट घेतलं नाही, कमाई इतरांनी केली. धोका मात्र दोन्ही बाजूंना होता. १८२० मध्ये पॅसिफिकमध्ये एका स्पर्म व्हेलने ‘एसेक्स’ हे जहाज धडक देऊन बुडवलं. त्यावरच्या वीस जणांपैकी आठच जण जिवंत परतले.

३. मारून मिळायचं काय? मांस?

युरोपी आणि अमेरिकी जहाजांना मांसात रस नव्हता, ते समुद्रात टाकून दिलं जाई. हवं होतं तेल: दिव्यांसाठी, साबणासाठी, यंत्रांच्या वंगणासाठी. स्पर्म व्हेलच्या डोक्यातल्या मेणासारख्या द्रवाच्या मेणबत्त्या धूर न करता जळत आणि महाग विकल्या जात. राइट आणि बोहेडच्या तोंडात दातांऐवजी पाणी गाळणाऱ्या बलीनच्या पट्ट्या असतात. वाकणाऱ्या आणि न तुटणाऱ्या या पट्ट्यांपासून कॉर्सेट, छत्रीच्या काड्या, चाबूक बनत. स्पर्म व्हेलच्या आतड्यात क्वचित सापडणारा अंबर अत्तरात जाई.

जपानची गोष्ट वेगळी आहे. तिथे सतराव्या शतकापासून ताइजीसारख्या गावांत संघटित शिकार होती आणि मांस खाल्लं जात होतं. पण ते देशभर पोचलं दुसऱ्या महायुद्धानंतर. अन्नटंचाई होती, म्हणून अमेरिकी लष्करी प्रशासनाने १९४६ मध्ये जपानला अंटार्क्टिकमध्ये जहाजं पाठवायची परवानगी दिली.

४. खनिज तेल सापडलं म्हणून देवमासे वाचले, हे खरं ना?

नाही. तरी हे वाक्य मरत नाही, कारण ऐकायला छान वाटतं.

यातला खरा भाग एवढाच की १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात तेलविहीर लागली, रॉकेल स्वस्त झालं आणि दिव्यासाठी देवमाशाच्या तेलाची गरज घटली. १८४६ च्या सुमारास सातशेहून जास्त जहाजं असलेला अमेरिकी ताफा त्यानंतर आकसत गेला. पण त्याला इतरही कारणं होती. जवळचे देवमासे संपले होते, यादवी युद्धात जहाजं गेली होती, आणि १८७१ मध्ये आर्क्टिकच्या बर्फात एकाच हंगामात ३३ जहाजं सोडून द्यावी लागली होती.

त्याच काळात नॉर्वेच्या स्वेंड फॉयनने वाफेच्या बोटीच्या टोकावर तोफ बसवली आणि शरीरात शिरल्यावर फुटणारा हार्पून बनवला. १८७० मध्ये त्याला पेटंट मिळालं. मेलेल्या देवमाशात पंपाने हवा भरून तो तरंगत ठेवायची युक्तीही निघाली. निळा आणि फिन आता आवाक्यात आले. पुढे १९०२ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मान याने द्रव तेल घट्ट करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्यामुळे देवमाशाचं तेल मार्गारिनमध्ये, म्हणजे लोण्याच्या पर्यायात, जाऊ लागलं. पहिल्या महायुद्धात त्यातलं ग्लिसरीन स्फोटकांसाठी लागलं.

आकडे पाहा. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात मिळून सुमारे ३ लाख स्पर्म व्हेल मारले गेले. विसाव्या शतकात, म्हणजे दिव्यात त्यांचं तेल जळेनासं झाल्यावर, सुमारे ७ लाख ६० हजार. खनिज तेलाने शिकार थांबवली नाही, उलट पुढे शिकारी बोटी त्याच इंधनावर धावल्या.

५. अंटार्क्टिकमध्ये एवढं घडलं काय?

१९०४ मध्ये कार्ल अँटन लार्सन या नॉर्वेजियन कप्तानाने दक्षिण जॉर्जिया बेटावर ग्रिटविकेन हे केंद्र उघडलं. तिथल्या उपसागरात हम्पबॅक जातीचे देवमासे इतके होते की सुरुवातीला बोटींना लांब जावंच लागलं नाही. साठेक वर्षांत त्या एका बेटावर पावणेदोन लाखांहून जास्त देवमासे कापले गेले.

जमिनीवरच्या केंद्राला ब्रिटिश परवाना आणि कर लागे. ती अडचण १९२५ मध्ये सुटली. ‘लान्सिंग’ या जहाजाच्या मागच्या बाजूला उतार होता, त्यावरून अख्खा देवमासा डेकवर ओढता येई. म्हणजे कारखानाच समुद्रात गेला, जिथे कोणाचा परवाना लागत नव्हता. १९३०-३१ च्या एका हंगामात २९ हजारांवर निळे देवमासे मारले गेले. तेल इतकं झालं की भाव कोसळला आणि पुढच्या हंगामात नॉर्वेचा बहुतेक ताफा बंदरात बसून राहिला. निळ्या देवमाशांना मिळालेली पहिली मोठी उसंत ही अशी, बाजारभावामुळे.

६. एकूण किती मारले गेले?

विसाव्या शतकात सगळ्या जाती मिळून सुमारे २९ लाख. सर्वांत जास्त फिन व्हेल, सुमारे पावणेनऊ लाख. त्याखालोखाल स्पर्म, आणि निळे सुमारे पावणेचार लाख. त्याआधीच्या शतकांचा हिशोब जहाजांच्या रोजनाम्यांवरून आणि तेलाच्या पिंपांवरून लावावा लागतो. जखमी होऊन निसटलेले आणि नंतर मेलेले त्यात धरलेलेच नसतात.

७. तेव्हा काही नियम नव्हते का?

होते. १९३१ मध्ये जिनिव्हात पहिला करार झाला, १९३५ पासून राइट व्हेलला आणि १९३७ पासून ग्रे व्हेलला कागदोपत्री संरक्षण मिळालं. २ डिसेंबर १९४६ रोजी वॉशिंग्टनमध्ये मोठा करार झाला आणि त्यातून आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोग जन्माला आला. या कराराच्या प्रास्ताविकातच दोन हेतू शेजारी शेजारी बसले आहेत: देवमाशांचं जतन आणि शिकारउद्योगाचा सुव्यवस्थित विकास.

खरी मेख मोजमापात होती. कोटा जातीनुसार नव्हता, ‘निळा देवमासा एकक’ या मापात होता. १ निळा म्हणजे २ फिन, म्हणजे अडीच हम्पबॅक, म्हणजे ६ सेई (ही आणखी एक जात). हे माप तेलाच्या उत्पन्नावरून कंपन्यांनीच तीसच्या दशकात ठरवलेलं होतं. अंटार्क्टिकसाठी वर्षाला १६,००० एककं मिळत. ती कोणत्या जातीतून भरायची यावर अंकुश नव्हता. एका हार्पूनमध्ये पूर्ण एकक मिळत असेल, तर निळा दिसल्यावर त्याला सोडणार कोण? निळे दुर्मीळ झाले तेव्हा फिनवर कोटा भरला, फिन घटले तेव्हा सेईवर. कागदावर कोटा पाळला जात होता आणि समुद्रात एकेक जात संपत होती.

त्यात कोटा देशवार वाटलेला नव्हता. एकूण आकडा पुरा होईपर्यंत ज्याला जेवढे मिळतील तेवढे त्याचे. मग प्रत्येक कंपनीने जास्त वेगाच्या बोटी घेतल्या, आणि पूर्वी चार महिने चालणारा हंगाम पन्नासच्या दशकात दोन महिन्यांत आटपू लागला. १९६० च्या सुमारास आयोगाने प्राण्यांच्या संख्येचं शास्त्र जाणणाऱ्या तज्ज्ञांची स्वतंत्र समिती नेमली. कोटा मोठ्या प्रमाणात कापा, असं तिने स्पष्ट सांगितलं. आयोगाने चालढकल केली. निळ्याला संरक्षण मिळालं ते साठच्या दशकाच्या मध्याला, पकडायला फारसे उरले नव्हते तेव्हा. ते एकक १९७२ मध्ये रद्द झालं.

८. देवमासे संपले तर धंदाही बुडेल, हे कंपन्यांना कळत नव्हतं?

कळत होतं. कॅनडातले गणितज्ञ कॉलिन क्लार्क यांनी १९७३ मध्ये याचं अस्वस्थ करणारं उत्तर मांडलं. देवमासे वर्षाला काही टक्क्यांनीच वाढतात. सगळे आज मारून आलेला पैसा दुसरीकडे गुंतवला आणि तो त्याहून वेगाने वाढत असेल, तर मालकाच्या हिशोबाने शेवटचा देवमासा मारणंच फायद्याचं ठरतं. म्हणजे समुद्राचा एकच मालक असता, तरीही देवमासे सुरक्षित नव्हते. ‘सोन्याची अंडी देणारी कोंबडी कोण मारेल’ हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही, कारण ही कोंबडी अंडी फार सावकाश देते.

९. सोव्हिएत संघाच्या ‘खोट्या आकड्यां’चं प्रकरण काय आहे?

आयोगाला कळवलेले आकडे आणि प्रत्यक्ष शिकार यांत सुमारे १ लाख ८० हजार देवमाशांचा फरक होता. दक्षिण गोलार्धात सोव्हिएत ताफ्यांनी २,७१० हम्पबॅक मारल्याचं कळवलं. खरा आकडा ४८ हजारांवर होता. १९५९ ते १९६१ या दोन हंगामांत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या दक्षिणेला जवळपास २५ हजार हम्पबॅक मारले गेले. त्या देशांच्या किनाऱ्यांवरची केंद्रं एकाएकी रिकामी पडली, आणि का, ते कोणालाच उमगेना.

यातलं विचित्र म्हणजे सोव्हिएत संघाला या मालाची फारशी गरजच नव्हती. ताफ्यांना योजनेचं लक्ष्य असे, ते ओलांडलं की बोनस मिळे आणि पुढच्या वर्षीचं लक्ष्य वाढे. बऱ्याचदा चरबी काढून बाकीचं शव फेकून दिलं जाई. जहाजांवरच्या जीवशास्त्रज्ञांनी खरे आकडे टिपून ठेवले होते. काहींनी कागद घरी लपवून ठेवले. १९९३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ अलेक्सी याब्लोकोव्ह यांनी हे जाहीरपणे मांडलं.

अरबी समुद्रही यातून सुटला नाही. १९६५-६६ मध्ये, हम्पबॅकना संरक्षण मिळत असतानाच, सोव्हिएत ताफ्यांनी तिथे २४२ हम्पबॅक मारले. इथले हम्पबॅक इतरांसारखे ध्रुवाकडे स्थलांतर करत नाहीत, वर्षभर याच समुद्रात राहतात. म्हणजे तूट भरून काढायला बाहेरून कोणी येत नाही. आज त्यांची संख्या शंभराच्या आत असल्याचा अंदाज आहे.

१०. १९८६ पासून शिकारीवर जागतिक बंदी आहे ना?

काटेकोर बोलायचं तर ती बंदी नव्हे, स्थगिती आहे, आणि ती फक्त व्यापारी शिकारीला आहे. १९८२ मध्ये आयोगाने २५ विरुद्ध ७ मतांनी (५ तटस्थ) व्यापारी कोटा शून्य केला. अंमल १९८५-८६ च्या हंगामापासून झाला.

करारात एक खिडकी आहे: मुदतीत आक्षेप नोंदवणाऱ्या देशाला निर्णय लागू होत नाही. नॉर्वेने आक्षेप नोंदवला आणि तो कायम ठेवला. त्यामुळे १९९३ पासून त्याची मिंक व्हेलची व्यापारी शिकार नियमबाह्य ठरत नाही. आइसलंड १९९२ मध्ये बाहेर पडला, २००२ मध्ये स्थगितीबाबत हरकत राखूनच परत आला आणि २००६ मध्ये त्याने व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली. याखेरीज हिंदी महासागर (१९७९) आणि दक्षिणी महासागर (१९९४) ही अभयारण्यं आहेत. तिथेही बंदी व्यापारी शिकारीलाच आहे. या फरकाचं महत्त्व पुढच्या उत्तरात कळेल.

११. जपान ‘संशोधना’साठी देवमासे मारत होता. मग मांस दुकानात कसं?

कारण तसं करायला करारच सांगतो. आठव्या कलमानुसार कोणताही सदस्य देश संशोधनासाठी परवाने देऊ शकतो, आणि मारलेल्या प्राण्यावर शक्य तेवढी प्रक्रिया करणं बंधनकारक आहे. नमुने घेऊन झाल्यावर शव वाया जाऊ नये, हा १९४६ चा साधा विचार. १९८७ पासून जपानने याच कलमाखाली अंटार्क्टिकमध्ये शिकार केली. ऑस्ट्रेलियाने खटला भरला आणि ३१ मार्च २०१४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ विरुद्ध ४ असा निकाल दिला की हे परवाने शास्त्रीय संशोधनासाठी म्हणता येत नाहीत. जपानने नवा कार्यक्रम आखून काही वर्षं शिकार चालूच ठेवली.

२०१९ मध्ये जपान आयोगातून बाहेर पडला आणि १ जुलैपासून स्वतःच्या सागरी हद्दीत उघड व्यापारी शिकार सुरू केली. २०२४ मध्ये त्यात फिन व्हेलचीही भर पडली. माझ्या मते हा व्यवहार निदान अधिक प्रामाणिक आहे, आणि अंटार्क्टिकमधली शिकार त्यामुळे थांबली हेही खरं.

१२. आर्क्टिकमधल्या समुदायांना परवानगी का? नियम सगळ्यांना सारखा नको का?

स्थानिक गरजेसाठीची शिकार आयोगाने पहिल्यापासून वेगळी धरली आहे. अलास्का, रशियाचा चुकोत्का, ग्रीनलंड आणि कॅरिबियनमधलं बेक्विया बेट यांना मर्यादित कोटा मिळतो. बेक्वियाला वर्षाला फार तर ४ हम्पबॅक.

अलास्कातला वाद मुद्दाम सांगण्यासारखा आहे. १९७७ मध्ये बोहेड फार तर दोनेक हजार उरले असं समजून आयोगाने तिथला कोटा शून्य केला. तिथल्या मूळ रहिवासी इनुपियाक शिकाऱ्यांचं म्हणणं होतं की तुमची मोजणीच चुकते, बोहेड बर्फाखालूनही जातात आणि किनाऱ्यावरून दिसत नाहीत. त्यांनी स्वतःचा आयोग स्थापला आणि पाण्याखालच्या ध्वनिग्राहकांनी मोजणी सुरू झाली. शिकारी बरोबर निघाले. २०११ च्या गणनेत तिथे सुमारे १७ हजार बोहेड होते, आणि मर्यादित शिकार चालू असूनही संख्या वाढत गेली होती.

१३. आता तरी देवमासे वाढलेत का?

कोणते, यावर उत्तर अवलंबून आहे. ब्राझीलच्या किनाऱ्यावर प्रजनन करणारे हम्पबॅक १९५० च्या दशकात सुमारे ४५० वर आले होते. आता ते २५ हजारांच्या आसपास, म्हणजे शिकारीपूर्वीच्या संख्येजवळ आहेत. अंटार्क्टिकचे निळे २ लाख ३९ हजारांवरून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला साडेतीनशेच्या आसपास घसरले होते, असा अंदाज आहे. ते वाढताहेत, पण १९९० च्या दशकाच्या शेवटी २,००० च्या आसपासच होते.

पूर्व पॅसिफिकचे ग्रे व्हेल हे यशाचं ठरलेलं उदाहरण. १९९४ मध्ये ते अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आले. मात्र २०१६ नंतर काही वर्षांत त्यांची संख्या सुमारे २७ हजारांवरून जवळपास निम्म्यावर आली. आर्क्टिकमधल्या त्यांच्या अन्नात झालेला बदल हे त्यामागचं मुख्य कारण मानलं जातं. अटलांटिकमधले ग्रे व्हेल तर अठराव्या शतकापर्यंत नाहीसेच झाले.

१४. उत्तर अटलांटिकच्या राइट व्हेलला १९३५ पासून संरक्षण आहे. तरी ते पावणेचारशेच का?

हार्पून गेला, जहाजं आणि दोर आले. हे देवमासे अमेरिका आणि कॅनडाच्या अगदी गजबजलेल्या किनाऱ्यालगत राहतात. जहाजांच्या धडका आणि खेकडे, लॉबस्टर पकडण्याच्या सापळ्यांचे उभे दोर ही त्यांच्या मृत्यूची मुख्य कारणं आहेत. दोरात अडकून सुटलेली मादी इतकी खंगते की पुढचं पिल्लू व्हायला बरीच जास्त वर्षं जातात. दक्षिण गोलार्धातले राइट व्हेल अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यांवर चांगले वाढले, कारण तिथे ही गर्दी कमी आहे.

१५. परिणाम फक्त संख्येवरच झाला का?

नाही. उत्तर पॅसिफिकमधल्या एकोणिसाव्या शतकातल्या रोजनाम्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या भागात शिकार सुरू झाल्यावर पहिल्या काही वर्षांतच स्पर्म व्हेलवरचे यशस्वी वार सुमारे ५८ टक्क्यांनी घटले होते. एवढ्या कमी वेळात हा बदल पिढीजात असू शकत नाही, त्यांनी एकमेकांकडून शिकून घेतलं असावं. ऑर्का या शिकारी सागरी प्राण्यापासून बचाव करताना स्पर्म व्हेल गोल करून थांबतात. शिकाऱ्यांसमोर तो गोल म्हणजे आयतं लक्ष्य होता. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला पळालं की शिडाचं जहाज मागे येऊ शकत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

उलट बाजूही आहे. कुठे चरायचं, कुठे पिल्लू घालायचं हे पिल्लू आईबरोबर फिरून शिकतं. एखाद्या जागेला जाणारे सगळेच मारले गेले की ती जागा माहीत असणारं कोणी उरत नाही. न्यूझीलंडच्या मुख्य किनाऱ्यांवर राइट व्हेल कित्येक दशकं दिसलेच नाहीत.

तणावाचीही नोंद सापडली आहे, तीही कानातल्या मळात. बलीनवाल्या देवमाशांच्या कानात मळाचे थर साचत जातात आणि त्यांत कॉर्टिसोल हे तणावाचं संप्रेरक टिकून राहतं. २०१८ च्या एका अभ्यासात या संप्रेरकाचा चढउतार विसाव्या शतकातल्या शिकारीच्या आकड्यांशी जुळला. दुसऱ्या महायुद्धात शिकार घटली होती, तरी तणाव वाढलेला दिसतो. बहुधा युद्धनौका आणि स्फोटांमुळे.

१६. देवमासे घटल्यावर क्रिल भरमसाट वाढले असतील?

क्रिल म्हणजे देवमाशांचं खाद्य असलेले कोळंबीसारखे छोटे जीव. तसंच वाटलं होतं. पण अटलांटिकच्या बाजूच्या दक्षिणी महासागरात क्रिल वाढण्याऐवजी घटल्याचं दिसलं. एक पटण्याजोगं स्पष्टीकरण लोहाचं आहे. त्या समुद्रात लोह फार कमी आहे आणि त्यावाचून सूक्ष्म शैवाल वाढत नाही. देवमाशांच्या विष्ठेत लोहाचं प्रमाण तिथल्या समुद्रपाण्याच्या सुमारे एक कोटी पट आढळलं आहे. देवमासे क्रिल खात आणि क्रिलच्या अन्नाला खतही घालत. क्रिल कमी होण्यात समुद्री बर्फ आणि तापमानाचाही हात आहे, त्यामुळे सगळा दोष एकाच कारणावर टाकता येत नाही.

१७. शंभर वर्षांपूर्वीचा हार्पून अंगात असलेला देवमासा सापडला, ही अफवा आहे का?

अफवा नाही. २००७ मध्ये अलास्कात मारलेल्या एका बोहेडच्या मानेजवळच्या हाडात स्फोटक भाल्याचा तुकडा निघाला. त्या बनावटीचं पेटंट १८७९ चं होतं. त्यावरून त्या बोहेडचं वय ११५ ते १३० वर्षांच्या दरम्यान धरलं गेलं. डोळ्याच्या भिंगाच्या रासायनिक तपासणीवरून काही बोहेड दोनशे वर्षांहून जास्त जगतात असं दिसतं. तेव्हा न्यू बेडफर्डच्या जहाजांच्या काळात जन्मलेले काही जण अजून पोहत असतील, हे अशक्य नाही.

१८. फेरो बेटांवर दरवर्षी एवढे प्राणी मारतात. आयोग गप्प का?

उत्तर अटलांटिकमधल्या या बेटांवर मारले जातात ते पायलट व्हेल आणि डॉल्फिन. आयोगाचे कोटे मोठ्या जातींपुरतेच आहेत. लहान जातींवर आपला अधिकार चालतो की नाही, यावर सदस्य देशांचंच एकमत नाही. त्यामुळे हा विषय फेरो बेटांच्या स्वतःच्या कायद्याखाली येतो. तिथल्या शिकारीच्या नोंदी १५८४ पासूनच्या आहेत, मांस स्थानिक लोकांत वाटलं जातं आणि पायलट व्हेल नामशेष होण्याच्या मार्गावर नाहीत. म्हणून प्रश्न ५ मधल्या कत्तलीशी याची बरोबरी करणं मला पटत नाही, मारण्याची पद्धत कितीही अंगावर येणारी असली तरी. सप्टेंबर २०२१ मध्ये एकाच दिवशी चौदाशेहून जास्त डॉल्फिन मारले गेले, तेव्हा खुद्द बेटांवरच नाराजी उमटली आणि सरकारने डॉल्फिनसाठी वर्षाला ५०० चा तात्पुरता कोटा घातला. पाऱ्याचं प्रमाण पाहून तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २००८ मध्येच हे मांस खाऊ नका असा सल्ला दिला होता.

इंडोनेशियातल्या लामालेरा गावाचीही विचारणा होते. तिथे आजही लाकडी होडीतून उडी मारून हाती भाल्याने स्पर्म व्हेल मारतात. इंडोनेशिया आयोगाचा सदस्यच नाही, त्यामुळे आयोगाचे निर्णय त्या गावाला लागू होत नाहीत.